जुने ऑइलचे डबे टिकवायचे कसे

जुना इंजिन ऑइलचा डबा हाती लागला की पहिली हुक्की येते ती त्याला घासूनपुसून चकचकीत करायची. तिथेच घोळ होतो. गॅरेजच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून जे नुकसान झालं नाही, ते थिनरमध्ये बुडवलेलं फडकं पाच मिनिटांत करतं. डब्याचं मोल पत्र्यात नसतं, त्यावरच्या छपाईत असतं, आणि ती छपाई म्हणजे पत्र्यावर बसलेला शाईचा नि वार्निशचा जेमतेम एक पापुद्रा. पत्र्याचा पोचा काढता येतो, गंज थांबवता येतो. निघालेली शाई मात्र परत येत नाही. म्हणून खालचं प्रत्येक काम करताना आधी एकच विचारायचं: याने छपाईला काय होईल?

डबा कशाचा आहे ते आधी बघा

एक साधं लोहचुंबक घ्या. ते डब्याच्या अंगावर आपटू नका, कागदाच्या चिठ्ठीत गुंडाळून हलकेच टेकवा. अंगाला, तळाला आणि झाकणाला, तिन्हीकडे चिकटलं तर डबा कथिलाचा थर दिलेल्या पोलादी पत्र्याचा आहे. वर-खाली चिकटलं आणि मधल्या अंगाला नाही, तर अंग पुठ्ठ्याचं किंवा ॲल्युमिनियमचं. पुठ्ठ्याच्या डब्यावर नीट पाहिलं तर तिरपी, गोल फिरत गेलेली जोडरेघ दिसते, कारण तो कागदाच्या पट्ट्या गुंडाळून बनवलेला असतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात हे पुठ्ठ्याचे डबे सर्रास झाले, आणि १९८० च्या दशकात प्लास्टिकच्या बाटल्यांनी त्यांना हटवलं. पत्र्याचा आणि पुठ्ठ्याचा डबा यांची निगा अगदी वेगळी आहे. एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो.

छपाई थेट पत्र्यावर आहे की कागदी लेबल चिकटवलंय, हेही आत्ताच पाहून ठेवा. लेबलाची कड नखाला लागते, पत्र्यावरची छपाई लागत नाही.

वय ठरवायला मजकूर कामाला येतो. ‘एपीआय सर्व्हिस’पुढे (एपीआय म्हणजे तेलाची प्रत ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एमएल, एमएम, एमएस अशी अक्षरं असतील तर डबा १९५२ नंतरचा आणि साधारण १९७० पर्यंतचा, एसए, एसबी, एससी, एसडी ही मालिका त्यानंतरची. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचा धरू नका. कॅस्ट्रॉलच्या डब्यावर ‘वेकफील्ड’ हे कंपनीचं जुनं नाव ठळक असेल तर तो बहुधा १९६० च्या आधीचा. मापही सांगतं: अमेरिकन क्वार्ट ९४६ मिलिलिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा.

आणखी एक गोष्ट. जुन्या पत्र्याच्या डब्यांच्या उभ्या जोडाला शिशाचा डाख असतो, आणि पिवळ्या-केशरी रंगांतही शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडं घासणं, पॉलिश पेपर मारणं, भुकटी उडवणं बंद. नायट्राइलचे हातमोजे घाला, काम झालं की हात धुवा, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नका.

आत तेल असेल तर

भरलेला, सीलबंद, पत्र्याचा डबा जर कुठेच पाझरत नसेल तर त्याला हात लावू नये. न उघडलेल्या डब्याला संग्राहकांत मान आहे, आणि आतलं तेल आतून पत्र्याला गंजू देत नाही. फक्त पाझर वेळेत पकडायला हवा. त्यासाठी डोळ्यांवर विसंबू नका, वजन करा. एका क्वार्टात साधारण ८३० ग्रॅम तेल असतं, वर डब्याचं वजन. १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन घेऊन तारखेसह लिहून ठेवा आणि दर ६ महिन्यांनी परत घ्या. पत्र्याच्या डब्याचं वजन ४–५ ग्रॅमनी उतरलं तर कुठेतरी जोडातून तेल बाहेर येतंय, भले बोटाला लागत नसो. तेल जोडातून अगदी पातळ थराने सरकतं, वर धूळ धरतं, आणि ती चिकट धूळ ओलावा धरून ठेवते.

पाझरणारा पत्र्याचा डबा आणि भरलेला पुठ्ठ्याचा डबा मात्र रिकामाच करावा. पुठ्ठ्याच्या आतलं अस्तर एका ठिकाणी जरी फाटलं तरी तेल कागदात शिरतं, आणि एकदा बाहेर तेलकट डाग फुटला की तो जात नाही. असा डबा ‘अजून तर कोरडा आहे’ म्हणून ठेवून देणं म्हणजे डाग पडायची वाट पाहणं.

रिकामा करायचा तो तळातून. वरच्या झाकणाला छिद्र पाडलं की डबा ‘वापरलेला’ दिसतो. तळ कोणी पाहत नाही. सगळ्यात आधी डब्याच्या खालच्या भागाला पांढऱ्या टिश्यू पेपरचे तीन-चार वेढे देऊन सुती दोऱ्याने बांधा, म्हणजे ओघळ छपाईवर उतरणार नाही. डबा मऊ फडक्यावर उलटा ठेवा. तळाच्या कडेपासून ५–६ मिलिमीटर आत, समोरासमोर दोन छिद्रं पाडायची: एक तेलासाठी, ५ मिलिमीटरचं, दुसरं हवेसाठी, ३ मिलिमीटरचं. टोकदार टोच्या आणि हलकी हातोडी पुरते. ड्रिल नको, त्याचा कीस आत पडतो आणि पुढे आयुष्यभर खुळखुळतो.

आता डबा जवळजवळ आडवा धरा, तळ थोडा खाली, मोठं छिद्र सगळ्यात खाली आणि लहान सगळ्यात वर. हवा वरून आत जाते, तेल सरळ धारेने येतं. दुसरं छिद्र नसेल तर तेल गचके खात येतं आणि हमखास अंगावर सांडतं. गार दिवसात जाड तेल फार रेंगाळतं. डबा आधी दिवसभर उबदार खोलीत ठेवा. उन्हात ठेवायचा नाही, गॅसजवळ तर नाहीच.

धार थांबली म्हणजे डबा रिकामा झाला असं नाही. तळाचा पत्रा कडेपेक्षा थोडा आत बसवलेला असतो, त्यामुळे आतल्या बाजूने कडेभोवती अरुंद खोबण तयार होते आणि तिच्यात तेल अडून राहतं. डबा रात्रभर छिद्रं वर करून ठेवा, तेल खोबणीतून वरच्या झाकणाकडे जाईल. सकाळी पुन्हा तिरका धरून निथळू द्या. असं तीन-चार वेळा केलं की बरंच निघतं. पुठ्ठ्याच्या डब्याला यासाठी एक-दोन आठवडे द्या.

डबा आतून धुवायची हौस इथे आवरा. पत्र्याच्या डब्यात राहिलेला तेलाचा पातळ थर फायद्याचाच आहे, तो आतून गंज अडवतो. गाळ घट्ट बसला असेल किंवा डबा दूर पाठवायचा असेल तरच ५० मिलिलिटर मिनरल टर्पेंटाइन (रंगकामातलं, पेट्रोलियमपासून केलेलं) आत घालून हलवा, निथळा, पुन्हा एकदा करा. हे मोकळ्या हवेत, जवळ ज्योत किंवा ठिणगी नसताना. टर्पेंटाइन आत गेल्यानंतर नवीन छिद्र पाडायचं नाही आणि छिद्र डाख लावून बुजवायचं तर अजिबात नाही: आत साठलेली वाफ पेट घेते. छिद्रं उघडीच ठेवा. पुठ्ठ्याच्या डब्यात टर्पेंटाइन घालूच नका, अस्तराचा गोंद सुटतो.

निघालेलं तेल आजच्या इंजिनात घालायच्या लायकीचं नसतं. जुन्या साध्या तेलांत मळ धरून ठेवणारी रसायनं नसत. गटारात किंवा जमिनीवर न ओतता वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

सफाई

सुरुवात कोरड्या मऊ ब्रशने. मेकअपचा रुंद ब्रश उत्तम. वरून खाली, एकाच दिशेने. रंगाचे पोपडे सुटलेले दिसले तर ब्रशही थांबवा. सुटलेले तुकडे पाकिटात घालून डब्यासोबत ठेवा, पुढे कोणी जाणकार ते बसवू शकेल.

ओल्या सफाईआधी चाचणी हवीच. कानाखाली, म्हणजे हँडलच्या आतल्या बाजूला किंवा जोडालगत, जिथे तो रंग आहे पण नजर जात नाही, अशी ५ मिलिमीटरची जागा निवडा. कापूस लावलेली काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओली करा, टिपून घ्या, त्या जागी मनात दहा मोजेपर्यंत टेकवा आणि मग लोटून फिरवा. घासायचं नाही, लाटण्यासारखं लोटायचं. काडी पांढऱ्या कागदावर धरून बघा. करडा-तपकिरी आला तर मळ, लाल-पिवळा-निळा आला तर शाई. प्रत्येक रंगाची चाचणी वेगळी. काळा टिकला म्हणून लाल टिकेल असं नसतं. सगळ्यात दगाबाज असतो सोनेरी. बऱ्याच डब्यांवर तो सोनेरी शाईचा नसतोच. पत्र्यावर दिलेल्या पारदर्शक पिवळ्या वार्निशमधून कथिलाची चमक दिसत असते. त्याला स्पिरिट लागलं की सोनं जातं आणि खाली पांढराफटक पत्रा उरतो.

चाचणी पार पडली तर १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, बिनरंगाच्या लिक्विड सोपचे ४–५ थेंब. २–३ सेंटिमीटरचा एकेक चौकोन घ्या: साबणाची काडी, मग साध्या पाण्याच्या दोन काड्या, मग लगेच कोरडं सुती फडकं. चौकोन पुरा कोरडा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. काडी मळली की फेका. मळकी काडी म्हणजे बारीक पॉलिश पेपर. क्वार्टच्या एका डब्याला दोन तास आणि शंभरेक काड्या सहज लागतात. (संग्रहालयांतले तज्ज्ञ हट्टी मळाला स्वतःची थुंकी वापरतात, हे खरं आहे, तिच्यातली पाचकं तेलकट-चिकट थर सोडवतात.)

तेलाचा वाळून राळेसारखा झालेला थर साबणाला दाद देत नाही. तिथे बिनवासाचं मिनरल टर्पेंटाइन, पुन्हा चाचणी करूनच. ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, स्पिरिट, पेट्रोल, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, ओव्हन क्लीनर: यातलं काही नको. धुण्याचा सोडाही नको. जुन्या छपाईतला गडद निळा प्रशियन निळा असेल तर अल्कलीने तो तपकिरी पडतो. डब्ल्यूडी-४० लावून पुसण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे. त्याने तात्पुरती चमक येते, पण मागे राहणारा तेलकट थर धूळ ओढतो आणि कागदी लेबलाखाली शिरतो. आमच्या मते ते टाळलेलंच बरं.

कागदी लेबल असेल तर पाणी नाही, टर्पेंटाइन नाही. मऊ पांढरं खोडरबर किसून त्याची भुकटी बोटाने हलकी फिरवा आणि ब्रशने झाडा. तेलाचा डाग असेल तर असू द्या.

गंज

कथिलाविषयी एक गैरसमज पक्का बसलेला आहे: कथिलाचा थर आहे म्हणजे पोलाद सुरक्षित. थर अखंड आहे तोवरच हे खरं. जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा पडला तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. कथिलाचं उलटं: ओरखड्यापाशी लोखंडच झिजतं, आणि उघड्या लोखंडापेक्षा लवकर. म्हणून टाचणीएवढ्या खरचटीतून गंज छपाईखाली पसरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे रंग फुगून वर उचलला जातो. वरून दिसणारा ठिपका लहान आणि आतला पसारा मोठा, हे त्यामुळे.

गंज जिवंत आहे की जुना, थिजलेला, ते आधी ठरवा. डब्याखाली पांढरा कागद घालून आठवडाभर ठेवा. केशरी भुकटी पडली तर तो चालू आहे. गडद तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा गंज असेल तर त्याला छेडू नका. कोरड्या जागेत ठेवला की तो तिथेच थांबतो आणि दिसायलाही वाईट दिसत नाही.

छपाईवर नुसती तपकिरी झाक आली असेल तर शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब त्या जागी लावा, २४ तास राहू द्या, मग काडीने लोटून टिपा. उंचवटा असेल तर टोक चपटं केलेली बांबूची काडी तेलात भिजवून अगदी आडवी धरून खरवडा. धातूचं पातं नको. शेवटी टर्पेंटाइनच्या काडीने तेल उचलून घ्या, नाहीतर वॅक्स बसणार नाही.

०००० नंबरची स्टील वूल (पोलादाच्या अतिबारीक तारांचा घासायचा गुंता) फक्त बिनछपाईच्या तळाला आणि झाकणाला, तेही तेल लावून. छपाईवर तिचा एक फेरा चमक घालवतो, दुसरा शाई. गंज काढायची तयार द्रावणं आणि ऑक्झॅलिक ॲसिड यांचंही तेच: गंज जातो खरा, पण गंजाखाली काय उरलंय ते आधी कळत नाही, आणि बहुतेकदा छपाई त्या गंजाच्याच आधाराने उभी असते. डबा अख्खा बुडवण्याचा तर विचारही नको; जोडात शिरलेलं पाणी महिनोन्‌महिने बाहेर येत नाही.

वॅक्स

साफ, पूर्ण कोरड्या, पोपडे नसलेल्या पत्र्यावर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा, म्हणजे अतिबारीक कणांच्या पेट्रोलियम मेणाचा, एक पातळ हात. रेनेसाँ वॅक्स हे यातलं सर्वांत जाणतं नाव, ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं. त्यातही व्हाइट स्पिरिट, म्हणजे मिनरल टर्पेंटाइनच, असतं, म्हणून चाचणी इथेही. क्वार्टच्या डब्याला वाटाण्याएवढं पुरतं: मऊ फडक्याने गोल-गोल पसरवा, पाच मिनिटं थांबा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढा. पांढुरके पट्टे राहिले म्हणजे जास्त झालं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा. गाडीच्या ‘क्लीनर वॅक्स’मध्ये घासणारी पावडर असते, ते नको. कागदी लेबलाला आणि पुठ्ठ्याला वॅक्स लावत नाहीत.

स्प्रेचा क्लिअर लॅकर मारू नका. तो पिवळा पडतो, त्याखाली गंज चालूच राहतो, आणि काढायला गेलं की शाई घेऊनच निघतो.

पोचे

मोठ्या तोंडाच्या किंवा आधीच झाकण काढलेल्या डब्याचा गोलसर पोचा आतून गुळगुळीत लाकडी दांड्याने हळू दाबून काढता येतो, तळहाताचा आधार बाहेरून देऊन. घडी पडलेला, धारदार पोचा तसाच ठेवा. तो उलटा वळला की रंग तडकतो.

ठेवायचं कुठे

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजतं, आणि पत्र्यावर घामाचं किंवा समुद्राचं मीठ असेल तर त्याआधीच. पत्र्याच्या डब्यांना ४० टक्क्यांच्या खाली ठेवणं चांगलं. पुठ्ठ्याच्या डब्यांना मात्र ४० ते ५० हवं. फार कोरड्या हवेत कागद आक्रसतो आणि तिरपी जोडरेघ उकलते. म्हणून दोन्ही जाती एका पेटीत नकोत. प्रत्येक कपाटात एक आर्द्रतामापक ठेवा.

घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलिनच्या पेटीत सिलिका जेल काम करतं, पण पुड्या मोजून. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्यांनी काही होत नाही. संग्रहालयांत १ घनमीटर जागेला २० किलो हा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे २० लिटरच्या पेटीला ४०० ग्रॅम. रंग बदलणारं केशरी जेल घ्या, निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. ओलं झालं की ११० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं.

कपाट एमडीएफ, प्लायवूड किंवा ओकचं असेल तर त्यातून आम्लाची वाफ सुटते. बंद काचेच्या शोकेसमध्ये ती साठते आणि सगळ्यात आधी शिशाचा डाख पकडते. जोडावर पांढरी भुकटी दिसली तर कारण हेच. पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट किंवा काचेच्या फळ्या बऱ्या. डब्याखाली ३ मिलिमीटर पॉलिथिन फोम घाला. रबराची चटई नको, तिच्यातला गंधक पत्रा काळवंडवतो. मऊ पीव्हीसी तर रंगालाच चिकटतं. डबे बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि पुठ्ठ्याचे एकावर एक रचू नका.

ऊन थेट येता कामा नये. लाल आणि पिवळा आधी उडतो आणि डबा निळसर दिसू लागतो. दिवा एलईडी, शोकेसच्या बाहेर, आणि बघायला कोणी नसताना बंद. दिवसभर जळणारा मंद दिवा तासभर लावलेल्या प्रखर दिव्यापेक्षाही वाईट ठरू शकतो, कारण प्रकाशाचं नुकसान साठत जातं.

नोंद आणि बांधणी

डब्यावर नंबर लिहू नका, स्टिकरही नको. आम्लरहित कागदाचा लहान टॅग, पेन्सिलने नंबर, सुती दोऱ्याने हँडलला. हँडल नसेल तर डब्याखाली. फोटो सहा: चारही बाजू, वर, तळ. छिद्रं तुम्ही पाडली असतील तर तारीख आणि कारण नोंदवा, विकत घेणाऱ्याला ते कळायला हवं.

पाठवायचा झाला तर आधी आम्लरहित टिश्यूचे दोन वेढे, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. बुडबुडे आत आले तर गरम हवेत वॅक्सवर गोल ठसे उठतात. थंडीतून आलेलं पार्सल लगेच उघडू नका. गार पत्र्यावर खोलीतल्या हवेचं पाणी धरतं. २४ तास बंदच राहू द्या, मग उघडा, आणि आतलं प्लास्टिक त्याच दिवशी काढून टाका.